पाचव्या दिवसाची डोकेदुखी

पनवेलच्या आमच्या शेजारच्या घरात अकीक्याची तयारी चालली होती. बाळ 5 दिवसांचे. बकरे ठरले होते, देगी सांगून झाल्या होत्या, महाड-माणगावकडचे पाहुणे दुसऱ्या दिवशी निघणार होते. आम्ही बाळ बघायला म्हणून गेलो. बाळंतीण आतल्या खोलीत ओढणीने डोके करकचून बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"रात्रभर बाळ रडतंय, झोप नाही पोरीला, म्हणून डोकं धरलंय," तिची अम्मी म्हणाली. खालाने सकाळीच मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या होत्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई बाळाला गोरा-गोरा म्हणत होती, तेव्हा नजर लागणारच, असे तिचे म्हणणे. मुलीला विचारले तर ती म्हणाली, डोळ्यांसमोर काजवे चमकतात आणि उजव्या बरगडीखाली दुखते. त्यासाठी तिला ॲसिडिटीची गोळी दिली होती.

नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की हा स्तंभ आम्ही दोघी परिचारिका मिळून लिहितो. काजवे आणि बरगडीखालचे दुखणे हे दोन शब्द एकत्र ऐकले की आमचे पाय आपोआप घराकडे वळतात, यंत्र आणायला. रक्तदाब निघाला 172/114. 15 मिनिटांनी पुन्हा घेतला, 168/112.

"पण बाळंतपण तर झालं ना सिस्टर? आता कसलं प्रेशर?" अम्मीने विचारले. या महिन्याचा स्तंभ तिच्या या प्रश्नासाठीच आहे.

गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जाऊ लागला, आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट यांच्यावर ताण दिसू लागला, तर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. मूळ गडबड वारेच्या रक्तवाहिन्यांत असते. त्या जशा रुंद व्हायला हव्यात तशा होत नाहीत. त्याचा परिणाम मग आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांवर होतो. मेंदूवर ताण वाढून झटके आले की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणायचे. बाळंतपणात जगभर ज्या स्त्रिया दगावतात, त्यांत रक्तस्रावाच्या खालोखाल मोठे कारण हेच आहे. वार बाहेर पडली की आजाराचे मूळ गेले, हे खरे. पण अंगात उठलेले वादळ लगेच शमत नाही. रक्तदाब बहुधा प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर जातो. तोवर बाळंतीण घरी आलेली असते, आणि सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते.

आमच्या शेजारणीच्या मुलीचे काय झाले ते सांगायला हवे, कारण त्यात कोणा एकाची चूक नव्हती, थोडी थोडी सगळ्यांची होती. सासर महाडचे, माहेर पनवेलचे. पहिले बाळंतपण म्हणून आठव्या महिन्यात ती एस.टी.ने माहेरी आली. सोबत कपडे आले, बाळासाठी शिवलेली दुपटी आली, सासूबाईंनी दिलेला मेतकुटाचा डबा आला. फाइल मात्र महाडला कपाटातच राहिली. तिथल्या शेवटच्या दोन तपासण्यांत रक्तदाब 130 वरून 138, मग 146 असा चढत गेलेला लिहिला होता. इथल्या दवाखान्याने पहिलाच आकडा पाहिला, म्हणून तो त्यांना 'थोडासा वाढलेला' वाटला. प्रसूतीनंतर घरी सोडताना 3 दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्यावर काय करायचे ते कागदावर नव्हते, आणि घरच्यांनीही विचारले नाही. नवरा कुवेतला. अब्बा म्हणाले, "परवा अकीका होऊ द्या, मग नेऊ." व्हिडिओ कॉलवर नवऱ्याने आधी आकडा विचारला, मग आमच्यातल्या एकीचे तोंड पाहिले आणि म्हणाला, "मामूंना गाडी काढायला सांगा, अब्बूंशी मी बोलतो." अर्ध्या तासात ती रुग्णालयात होती. झटका आला नाही, अल्हम्दुलिल्लाह. अकीका चौदाव्या दिवशी झाला. सातव्या दिवशी जमले नाही तर चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी करतात, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतेच. पण बकरे बांधलेले असले की माहीत असलेलेही आठवत नाही.

आता मोजण्याबद्दल. रक्तदाब चुकीचा मोजला तर पुढचे सगळे चुकते. बाई जिना चढून आली, रांगेत उभी राहिली आणि लगेच पट्टा बांधला, तर आकडा फुगतो. 5 मिनिटे खुर्चीत बसू द्यावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत, लघवी करून आलेली असावी, हात छातीच्या उंचीवर टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, छोट्याने आकडा जास्त दाखवतो. आणि आपल्या भगिनींसाठी खास गोष्ट: बुरख्याच्या किंवा कुर्त्याच्या बाहीवरून पट्टा बांधू देऊ नका. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात बाई संकोचते, सिस्टर घाईत असते, आणि पट्टा दोन कापडांवर बसतो. घट्ट बाही वर गुंडाळली तरी ती दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. तपासणीच्या दिवशी सैल बाहीचा कुर्ता घालावा, आणि "पडद्यामागे घ्याल का?" असे विचारावे. आम्ही इतकी वर्षे काम केले, हे विचारल्यावर कोणा सिस्टरने नाही म्हटल्याचे आमच्या पाहण्यात नाही. विचारत मात्र फार थोड्या जणी.

घरी यंत्र घ्यायचे तर दंडाला बांधायचे घ्या, मनगटाचे नको. पहिल्या वेळी ते दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहा. आकडा, तारीख, वेळ एका वहीत लिहा. 140/90 दिसला तर घाबरून न जाता तासाभरात पुन्हा घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. 160/110 दिसला तर कळवत बसायचे नाही, निघायचे.

लघवीच्या तपासणीत पट्टीचा रंग बदलतो, एवढेच पुष्कळांना माहीत असते. पण सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धरायची, नाहीतर अंगावरून जाणारे पांढरे त्यात मिसळते आणि प्रथिने आहेत असे खोटेच दिसते. हे सांगायला 10 सेकंद लागतात. आम्हीही पूर्वी सांगत नसू. एका सीनियर सिस्टरने एकदा चारचौघांत कान उपटले, तेव्हापासून सांगतो.

घरच्यांनी काय पाहायचे? पाय तर बहुतेक गरोदर बायकांचे सुजतात. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, बोटातली अंगठी निघत नाही, आठवड्यात वजन एकदम वाढले, लघवी कमी झाली, डोके दुखते आणि साध्या गोळीने थांबत नाही, नजर धूसर होते, बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखते, उलट्या होतात, बाळाची हालचाल मंदावते, यांपैकी एकही दिसले तर रक्तदाब मोजला पाहिजे. लक्षात ठेवा, पुष्कळ बायकांना यातले काहीही होत नाही. 160 असतानाही बाई भाकऱ्या थापत असते. म्हणून "बरं वाटतंय, मग कशाला तपासायचं?" हे या आजारात चालत नाही.

औषधांत एक धोका घरातच असतो. सासरे किंवा अब्बा रक्तदाबाची गोळी घेत असतात, बहुधा टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा एनालाप्रिल. "प्रेशरचीच तर गोळी आहे," म्हणून त्यातली एक सुनेला दिली जाते. या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. गरोदरपणात लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशी ठरावीक औषधेच डॉक्टर देतात. ज्या बाईला आधीपासूनच रक्तदाब आहे तिने दिवस राहिल्याचे कळताच आपली गोळी बदलून घ्यावी. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये.

मीठ तोडून अळणी जेवण देणे आणि बाईला दिवसरात्र झोपवून ठेवणे, हे दोन्ही उपाय आता कोणी सांगत नाही. सुकट आणि पापड कमी करा, जड कामे काढून घ्या, तेवढे पुरे. सतत पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. उपयोग होतो तो कॅल्शियमचा. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज 2 गोळ्या देतात, प्रसूतीनंतर 6 महिन्यांपर्यंत. त्या लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, त्यांच्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. शिवाय नाचणी, तीळ, दूध, काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी आपल्या कोकणी स्वयंपाकात आहेच. ज्यांना मागच्या खेपेला हा आजार झाला होता, जुळे आहे, मधुमेह किंवा जुना रक्तदाब आहे, अशांना डॉक्टर तिसऱ्या महिन्यानंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. ती वेळेवर सुरू व्हायची तर नाव लवकर नोंदवावे लागते. सातव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेले तर तिचा फायदा हातचा गेलेला असतो.

रमजानबद्दल दरवर्षी पत्रे येतात. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआनमध्ये सूरह बकरामध्ये आहे, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला सवलत असल्याचे हदीसमध्ये आले आहे. कोकणातली आपली बरीच घरे शाफई, घाटावरची बहुतेक हनफी. बाईच्या स्वतःच्या जिवाची भीती असेल तर दोन्हीकडे नंतर कजा रोजे ठेवायचे, फिदिया लागत नाही. रक्तदाबाच्या आजारात भीती आईच्याच जिवाची असते. दिवसातून 3 वेळा घ्यायच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारमध्ये बसवून काही बहिणी रोजा धरतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. मग डॉक्टरांना वाटते औषध लागू पडत नाही, आणि ते मात्रा वाढवतात. सांगा तरी. घरात कोणी टोकत असेल तर मौलानांना त्या व्यक्तीच्या समोर विचारा.

आता सर्वांत कठीण भाग. गरोदर बाई किंवा बाळंतीण एकाएकी डोळे फिरवते, दात आवळते, हातपाय झाडते, मग बेशुद्ध पडते, शुद्धीवर आल्यावर असंबद्ध बोलते. हे पाहून आपल्या घरांत आजही कोणीतरी म्हणते, असर झालाय, बाहेरचे आहे, अमक्या बाबांना बोलवा. आम्ही दुआच्या विरोधात नाही, आम्हीही वॉर्डात बिस्मिल्लाह म्हणूनच सुई हातात घेतो. आयतुल कुर्सी गाडीत बसून म्हणता येते. पण बाबांच्या दारात गेलेला तास परत मिळत नाही, आणि दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. झटका चालू असताना तिला डाव्या कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, झमझमचे पाणीसुद्धा नको, ते श्वासनलिकेत जाते. कांदा-चप्पल हुंगवू नका, दाबून धरू नका. झटका साधारण मिनिट-दीड मिनिटात थांबतो. वेळ लक्षात ठेवा, तोंडातली लाळ कुशीवरूनच पुसून घ्या आणि 108 ला फोन करा.

याच संदर्भात आणखी एक बोलायचे राहते, आणि ते आम्ही जपून बोलतो. बाळंतपणात मरण आलेल्या स्त्रीला शहीदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये आहे. जिची लेक गेली त्या आईसाठी तो फार मोठा दिलासा आहे, आम्ही तो दिलासा वॉर्डाच्या दारात उभे राहून दिलेला आहे. पण लेक अजून श्वास घेत असताना, गाडी बोलवायची की नाही यावर घरात चर्चा चालू असताना, कोणी हे वाक्य काढले तर आम्हाला राग येतो.

रुग्णालयात पोचल्यावर काय होते ते आधी माहीत असले तर नातेवाईक गोंधळत नाहीत. झटके थांबवायचे आणि टाळायचे औषध मॅग्नेशियम सल्फेट, वॉर्डाच्या भाषेत मॅगसल्फ. औषध जुने आणि स्वस्त आहे. 33 देशांतल्या 10,000 हून अधिक स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय नावाच्या अभ्यासाने 2002 मध्ये दाखवून दिले की प्री-एक्लॅम्प्सियात ते दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त घटतो. सुरुवातीला शिरेतून 4 ग्रॅम सावकाश, आणि दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम, ही सर्वांत परिचित पद्धत. 1 ग्रॅमची एक कुपी, त्यामुळे स्नायूत द्यायच्या डोससाठीच 10 कुप्या फोडाव्या लागतात. ट्रेमध्ये त्या पाहून नातेवाईक हबकतात, "एवढी इंजेक्शनं एकदम?" म्हणून वाद घालतात. वेळ जातो. उपकेंद्रातली नर्ससुद्धा हा पहिला स्नायूतला डोस देऊन मगच रुग्णाला पुढे पाठवू शकते. पुढच्या रुग्णालयात हलवायचे ठरले तर "मॅगसल्फ दिलं का, किती वाजता?" हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. औषध जाताना सगळे अंग तापल्यासारखे होते, चेहरा लाल होतो. बाईला आधी सांगितले तर ती घाबरत नाही.

त्यानंतर दर 4 तासांनी पुढचा डोस. प्रत्येक डोसाआधी सिस्टर तीन गोष्टी पाहते. गुडघ्याखाली छोट्या हातोडीने मारून पाय उडतो का, मिनिटाला श्वास किमान 16 आहेत का, आणि लघवी तासाला किमान 30 मिलिलिटर होते का. हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की ते अंगात साठते, आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास मंदावतो. तसे झाले तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी तयार ठेवलेले असते. म्हणून पिशवीतली लघवी परस्पर ओतून टाकू नका. एका खालाने स्वच्छतेच्या हौसेने ती ओतली आणि आम्हाला 4 तासांचा हिशेब पुन्हा मांडावा लागला. हे सगळे प्रसूतीनंतर, किंवा शेवटच्या झटक्यानंतर, 24 तास चालते. खोलीत दिवा मंद, आवाज कमी, एकच बाई सोबतीला. बाळ बघायला आलेल्या 10 जणांना आम्ही बाहेर काढतो तेव्हा आम्ही उद्धट वाटतो, त्याला इलाज नाही.

फाइलवर 'रक्तदाब' ठळक लिहिलेले असावे, याचेही कारण आहे. प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून जी इंजेक्शने देतात त्यातले मिथरजिन या बायांना देत नाहीत, त्याने दाब आणखी चढतो. त्यांना ऑक्सिटोसिन देतात. रात्री 3 वाजता पाळी बदलून आलेल्या सिस्टरला हे फाइलच सांगते.

घरी आल्यावर पहिला आठवडा रोज रक्तदाब घ्यावा, मग दहाव्या दिवसाच्या आसपास, मग सहा आठवड्यांनी. 40 दिवस बाळंतिणीला बाहेर काढायचे नाही, ही आपल्या घरांतली रीत. तिला बाहेर काढू नका, पण यंत्र आत येऊ द्या. आशा ताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते, ती मुख्यतः बाळासाठी. तिला दारातून चहा पाजून परत पाठवण्याऐवजी आत बोलवा आणि आईचे डोके दुखते का, हेही तिच्यासमोर बोला. अंगावरचे दूध पाजताना चालतील अशा रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, दुधासाठी म्हणून गोळी सोडू नये.

पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. वाहनासाठी 102 किंवा 108. खाजगीत नाव घातलेले असले तरी 9 तारखेला जायला कोणी अडवत नाही.

आमच्या शेजारणीची लेक आता महाडला आहे. जाताना तिने पनवेलचे सगळे कागद आणि महाडहून मागवलेली जुनी फाइल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, आणि पिशवी सामानात न देता स्वतःच्या खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवली. पुढच्या खेपेला हा आजार पुन्हा होऊ शकतो, आणि न झाला तरी तिला पुढे रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे तिला आणि तिच्या सासूबाईंना एकत्र बसवून सांगितले आहे. वर्षातून एकदा तरी दाब तपासायचा. सासूबाईंनी लगेच विचारले, "माझा पण बघता का?" बाही वर करायला लावली. 158/94 निघाला.